लेझर पॉइंटरसाठी परवडणारा संरक्षक चष्मा: निवड, तपासणी आणि वापर

लेझर पॉइंटर किंवा लहानसे लेझर एन्ग्रेव्हिंग यंत्र विकत घेणाऱ्या नवख्या माणसाला डोळ्यांच्या संरक्षणाबद्दल सहसा दोन टोकांचे सल्ले मिळतात. कोणी सांगते की उन्हाचा गडद गॉगल लावला तरी पुरे. तर कोणी सांगते की प्रयोगशाळेत वापरतात तसा महागडा चष्मा घेतल्याशिवाय बटणाला हातच लावू नये. पहिला सल्ला धोकादायक आहे आणि दुसरा बहुतेकांना अनावश्यक खर्चात पाडणारा आहे. संरक्षक चष्म्याची किंमत किती यापेक्षा तो आपल्या लेझरशी जुळतो की नाही हा खरा प्रश्न असून, त्याचे उत्तर आपल्या लेझरची तरंगलांबी (म्हणजे त्याच्या प्रकाशाचा रंग ठरवणारे, नॅनोमीटरमधले माप) आणि शक्ती या दोन आकड्यांत दडलेले असते. हे आकडे माहीत असतील तर मध्यम किमतीतही भरवशाचा चष्मा निवडता येतो. माहीत नसतील तर कितीही पैसे मोजले तरी तो अंधारात मारलेला बाण ठरतो.

आधी धोका नेमका कुठे आहे ते पाहू. साधारण ४०० ते १४०० नॅनोमीटर या पट्ट्यातला प्रकाश डोळ्याच्या पुढच्या भागातून आरपार जाऊन दृष्टिपटलावर पोहोचतो, आणि लेझरचा समांतर झोत असेल तर डोळ्याचे भिंग तो एका सूक्ष्म ठिपक्यावर एकवटते. बुबुळापाशी असलेली प्रकाशाची तीव्रता दृष्टिपटलावर सुमारे एक लाख पटींनी वाढते. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळे इजा होत असताना माणूस ओरडत नाही. नंतर वाचताना एखादे अक्षर गायब दिसते तेव्हा ती लक्षात येते. यातला ७०० नॅनोमीटरच्या पुढचा अवरक्त भाग तर दिसतही नाही, म्हणजे पापणी मिटण्याची सूचनाही मिळत नाही.

पहिली पायरी: आपला लेझर ओळखा

छंद म्हणून वापरल्या जाणाऱ्या लेझरच्या तरंगलांबी ठरावीक असतात. जांभळा झोत बहुधा ४०५ नॅनोमीटरचा, निळा ४४५ ते ४५५चा, हिरवा ५३२ किंवा ५२० चा आणि लाल ६३५ ते ६६० च्या दरम्यानचा असतो. हिरव्यातल्या दोन प्रकारांचा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे, म्हणून तो आत्ताच पाहून ठेवावा. हा आकडा यंत्रावरच्या पिवळ्या पट्टीवर छापलेला असतो. नसेल तर विक्रेत्याकडून लेखी मागून घ्यावा.

शक्तीच्या आकड्यावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये. अमेरिकेतील राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निस्टने, १२२ लेझर पॉइंटर तपासून २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले, तेव्हा हिरव्यांपैकी जवळजवळ ९० टक्के आणि लालांपैकी सुमारे ४४ टक्के पॉइंटर तिथल्या सुरक्षानियमांत बसत नव्हते. आपल्याकडे खेळण्यांच्या आणि भेटवस्तूंच्या दुकानांतसुद्धा मिळणारे, किल्लीने चालू होणारे, पुढे नक्षीचे टोपण असलेले आणि पुन्हा चार्ज होणारी जाड बॅटरी घेणारे हिरवे टॉर्च ‘५ मिलिवॅटपेक्षा कमी’ अशी चिठ्ठी घेऊन येतात. या चिठ्ठीला पुरावा मानू नये. झोताने काळा फुगा फुटतो किंवा काडेपेटीची काडी पेटते अशी जाहिरात विक्रेता करत असेल, तर ते ५ मिलिवॅटचे काम नव्हे. तो लेझर शेकडो मिलिवॅटचा आहे असे धरूनच चालावे.

एन्ग्रेव्हिंग यंत्रांच्या बाबतीत गोंधळ वेगळा आहे. नावाच्या पाट्या, ट्रॉफी, लाकडी कीचेन करणाऱ्या घरगुती उद्योगांत आता डायोड लेझरची, म्हणजे लहान अर्धवाहक घटकातून झोत देणारी, यंत्रे बरीच दिसतात आणि त्यांच्या खोक्यावर ‘४० वॅट’ असे ठळक लिहिलेले असते. हा आकडा अनेकदा यंत्र किती वीज खाते याचा असतो. त्यातून बाहेर पडणारा प्रकाश ५ ते १० वॅटचाच असू शकतो. चष्म्यासाठी आपल्याला प्रकाशाची शक्ती हवी असते. ती माहितीपत्रकात ‘ऑप्टिकल आउटपुट’ या शब्दांखाली सापडते. जवळच्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागात लेझर पॉवर मीटर असेल तर विनंती करून एकदा मोजून घेणे उत्तम. जमत नसेल तर छापलेल्या आणि जाहिरातीतून सूचित होणाऱ्या आकड्यांपैकी मोठा धरावा.

दुसरी पायरी: चष्मा लागतो का, ते ठरवा

आंतरराष्ट्रीय वर्गवारीनुसार १ मिलिवॅटपर्यंतचा दृश्य लेझर दुसऱ्या वर्गात येतो. इथे सुमारे पाव सेकंदात पापणी मिटते आणि तेवढे संरक्षण पुरेसे मानले जाते. ५ मिलिवॅटपर्यंतचा लेझर ‘३ आर’ वर्गात, ५ ते ५०० मिलिवॅटचा ‘३ बी’ वर्गात आणि त्याहून मोठा चौथ्या वर्गात मोडतो.

दुसऱ्या आणि ‘३ आर’ या दोन वर्गांसाठी चष्म्यावर खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात तारे दाखवायला खरोखर ५ मिलिवॅटच्या आत असलेला हिरवा पॉइंटर वापरणाऱ्याने संरक्षक चष्मा लावला तर त्याला झोतच दिसणार नाही. तिथे लागते ती शिस्त: पॉइंटर एकाच जबाबदार व्यक्तीच्या हाती, झोत जमलेल्यांच्या डोक्यावरून बराच वर, आणि विमानाच्या आसपास तर मुळीच नाही.

‘३ बी’ वर्गात थेट झोत आणि आरशासारख्या पृष्ठभागावरून परतणारा झोत, दोन्ही घातक असतात. म्हणून चष्मा हवाच. चौथ्या वर्गात तर भिंतीवरचा किंवा लाकडावरचा विखुरलेला ठिपका जवळून पाहणेही धोक्याचे ठरू शकते. इथे चष्म्याशिवाय यंत्र चालू करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

मिरवणुकांतल्या लेझर बीमचा विषय महाराष्ट्रात याच संदर्भात पुढे आला. २०२३ च्या गणेश विसर्जनानंतर अशा झोतांमुळे दृष्टिपटलाला इजा झाल्याच्या तक्रारी आल्या आणि २०२४ च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी लेझर बीमवर बंदी घातली. गर्दीतल्या प्रत्येकाला चष्मा देता येत नाही, त्यामुळे तिथे झोतच थांबवावा लागतो. घरातल्या छंदालाही हे लागू पडते. चष्मा तो घालणाऱ्याचेच रक्षण करतो. खोलीत डोकावणाऱ्या मुलाचे किंवा मांजराचे नाही.

तिसरी पायरी: किती ‘ओडी’ हवी, याचा हिशेब

चष्म्याची भिंगे विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश किती अडवतात हे ‘ऑप्टिकल डेन्सिटी’ या मापाने सांगतात आणि बोलताना त्याला नुसते ‘ओडी’ म्हणतात. ओडी १ म्हणजे दहावा भाग आत येतो, ओडी २ म्हणजे शंभरावा, ओडी ३ म्हणजे हजारावा, ओडी ४ म्हणजे दहा हजारावा. प्रत्येक पायरीला दहापट फरक पडतो, त्यामुळे ओडी २ आणि ओडी ४ यांत दुप्पट नव्हे, तर शंभर पटींचा फरक आहे.

आपल्याला चष्म्याआड येणारा प्रकाश निदान १ मिलिवॅटच्या आत आणायचा आहे, म्हणजे चुकून थेट झोत आला तरी पापणी मिटेपर्यंत डोळा निभावेल. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. लेझरची शक्ती मिलिवॅटमध्ये लिहावी आणि पूर्णांकातले अंक मोजावेत; जितके अंक तितकी ओडी किमान हवी. २०० मिलिवॅटच्या हिरव्या पॉइंटरला तीन अंक, म्हणून ओडी ३. १६०० मिलिवॅटच्या निळ्या पॉइंटरला चार अंक, म्हणून ओडी ४. १० वॅटचे यंत्र म्हणजे १०००० मिलिवॅट, पाच अंक, म्हणून ओडी ५.

हा हिशेब दृश्य प्रकाशाच्या अपघाती, क्षणिक झोतासाठी आहे. तासन्‌तास यंत्रासमोर बसणार असाल, लेझर निळा किंवा जांभळा असेल, अथवा अवरक्त असेल तर एक पायरी वाढवावी. निळ्या-जांभळ्या प्रकाशाने दृष्टिपटलावर उष्णतेखेरीज रासायनिक परिणामही होतो आणि तो वेळेबरोबर साचत जातो. अवरक्तात पापणीचा आधार नाही. मात्र ओडी ७ किंवा ८ च्या मागे लागू नये. भिंगे जास्त गडद झाली की हातातले काम दिसत नाही, आणि काम दिसेनासे झाले की माणूस चष्मा कपाळावर चढवतो.

चौथी पायरी: हिरव्या लेझरमधला न दिसणारा भाग

नवख्यांची सर्वांत मोठी फसगत इथे होते, म्हणून थोडे थांबून हे समजून घ्यावे. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश बहुतेक पॉइंटरमध्ये थेट तयार होत नाही. आत ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त डायोड असतो. तो एका स्फटिकाला चेतवतो. त्या स्फटिकातून १०६४ नॅनोमीटरचा, पुन्हा अवरक्तच, प्रकाश निघतो. आणि दुसरा स्फटिक त्याची तरंगलांबी निम्मी करून ५३२ चा हिरवा झोत देतो. उरलेला अवरक्त प्रकाश अडवण्यासाठी शेवटी एक लहान गाळणी बसवायची असते. स्वस्त पॉइंटरमध्ये खर्च वाचवायला ती बसवलेलीच नसू शकते. निस्टने २०१० मध्ये अशाच एका १५ डॉलरच्या, १० मिलिवॅट म्हणून विकलेल्या हिरव्या पॉइंटरची तपासणी केली. त्यातून हिरवा प्रकाश अगदी मंद येत होता, आणि न दिसणारा अवरक्त प्रकाश जवळजवळ २० मिलिवॅट निघत होता. मंद वाटणारा पॉइंटरही निरुपद्रवी असतोच असे नाही, हे त्यावरून कळते.

त्याच अहवालात वेबकॅम, सीडी आणि टीव्हीचा रिमोट वापरून घरी अवरक्त गळती ओळखण्याची पद्धत दिली होती. सीडीमुळे वेगवेगळ्या तरंगलांबी वेगळ्या ठिकाणी पडतात आणि डोळ्याला न दिसणारे ठिपकेही कॅमेऱ्याला दिसतात. पद्धत हुशारीची आहे. पण सीडी आरशासारखी चमकते आणि शक्तिशाली पॉइंटरवर तो प्रयोग करताना झोत कुठेही उडू शकतो, म्हणून नवख्याने तो करू नये असे मला वाटते. त्याऐवजी ५३२ च्या प्रत्येक स्वस्त पॉइंटरमधून अवरक्त गळते असे गृहीत धरावे आणि चष्मा घेताना ५३२ बरोबरच ८०८ आणि १०६४ नॅनोमीटरलाही संरक्षण देणारा घ्यावा. ५२० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश डायोडमधून थेट निघतो. तिथे ही अडचण नाही.

पाचवी पायरी: चष्म्यावरची अक्षरे वाचा

खऱ्या संरक्षक चष्म्याच्या भिंगावर किंवा दांडीवर तरंगलांबीचा पट्टा आणि त्यासाठीची ओडी कायमस्वरूपी छापलेली असते. उदाहरणार्थ, १९० ते ५४० नॅनोमीटर, ओडी ४ पेक्षा अधिक. हे नुसते खोक्यावर किंवा विक्रीच्या पानावर असेल आणि चष्मा कोरा असेल, तर तो घेऊ नये.

युरोपातली ‘ईएन २०७’ ही मानक पद्धत छापलेली असेल तर अधिक चांगले, कारण तिच्यात ओडीखेरीज भिंग झोताचा मारा किती सहन करते हेही तपासलेले असते. तिथे ‘एलबी’ या अक्षरांपुढे आकडा असतो, आणि त्याआधी सतत झोतासाठी ‘डी’ किंवा स्पंदनांच्या झोतांसाठी अन्य अक्षरे असतात. छंदाचे पॉइंटर आणि डायोडची यंत्रे सतत झोताची, म्हणून आपल्याला ‘डी’ पाहायचे आहे. नुसती ओडी छापलेल्या चष्म्याबद्दल एवढे लक्षात ठेवावे की ती प्रकाश किती अडतो तेवढेच सांगते. काही वॅटचा एकवटलेला झोत प्लास्टिकच्या भिंगावर टिकून राहिला तर ते वितळून आरपार भोक पडू शकते. ‘ईएन २०८’ हे मानक झोत जुळवताना ठिपका थोडासा दिसावा अशा चष्म्यांचे आहे; नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

सहावी पायरी: रंगावरून फसू नका

भिंगाचा रंग अंदाज देतो, खात्री देत नाही. निळ्या, जांभळ्या आणि हिरव्या लेझरसाठीची भिंगे नारिंगी किंवा तांबडी असतात. लाल लेझरसाठीची निळसर-हिरवी असतात. आणि कार्बन डायऑक्साइड लेझरच्या १०६०० नॅनोमीटरसाठी तर पूर्ण पारदर्शक पॉलिकार्बोनेटसुद्धा चालते. पण तीच पारदर्शक भिंगे ४५० च्या निळ्या झोतापुढे काहीच कामाची नाहीत, आणि नारिंगी भिंगातून लाल झोत जवळजवळ जसाच्या तसा पार होतो. दोन वेगळ्या रंगांचे लेझर असतील तर बहुधा दोन चष्मे लागतात, हे आधीच खर्चात धरावे.

उन्हाचे गॉगल, वेल्डिंगच्या काचा, थ्रीडी सिनेमाचे चष्मे यांपैकी काहीही लेझरसाठी चालत नाही. ब्युटी पार्लरमध्ये केस काढण्याच्या यंत्राबरोबर येणारे चष्मेही नाहीत. ती बरीच यंत्रे लेझर नसून विस्तृत पट्ट्याचा झगमगाट टाकणारी असतात. आणखी एक सापळा म्हणजे ‘२०० ते २००० नॅनोमीटर, सर्व लेझरसाठी’ असे लिहिलेला चष्मा. दृश्य प्रकाश ४०० ते ७०० च्या दरम्यान असतो. हा सारा पट्टा ओडी ४ ने खरोखर अडवला, तर भिंग काळेकुट्ट होईल आणि घालणाऱ्याला काहीच दिसणार नाही. त्यातून समोरचे दिसते आहे, याचा अर्थ छापलेला दावा खोटा आहे.

एन्ग्रेव्हिंग यंत्राबरोबर फुकट येणाऱ्या पातळ हिरव्या किंवा लाल गॉगलकडे याच नजरेने पाहावे. त्यांच्यावर बऱ्याचदा एकही आकडा नसतो. ते खोक्यातच राहू द्यावेत.

खर्च कुठे वाचवावा, कुठे नाही

काहीशे रुपयांना मिळणारे, आकडे नसलेले गॉगल आणि प्रयोगशाळांसाठीचे महागडे चष्मे यांच्या मधल्या पट्ट्यात, तरंगलांबी व ओडी छापलेले, पूर्ण पॉलिकार्बोनेटचे चष्मे मिळतात, आणि छंदासाठी ते सहसा पुरतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतल्या दुकानांत डायोड आणि मोड्यूल घ्यायला गेलात तर चष्म्याबद्दलही विचारावे. मात्र “हा सगळ्या लेझरला चालतो” असे उत्तर आले तर तिथून निघावे. तरंगलांबीनुसार ओडीचा आलेख जो विक्रेता देऊ शकतो, त्याला थोडे जास्त पैसे दिले तरी ते वाया जात नाहीत.

पैसे वाचवायचे असतील तर लेझरवर वाचवावेत. दोन हजारांचा ताकदवान पॉइंटर आणि दोनशेचा चष्मा यापेक्षा कमी शक्तीचा पॉइंटर आणि योग्य चष्मा हा व्यवहार शहाणपणाचा. रोज नंबरचा चष्मा लावणाऱ्यांनी त्यावरून बसणारा मोठा संरक्षक चष्मा घ्यावा. बाजू, कपाळ आणि गाल यांच्याशी फट राहत नाही हे पाहावे, कारण परावर्तित झोत बहुधा बाजूनेच येतो. एन्ग्रेव्हिंग यंत्रासाठी झाकणबंद पेटी हा सर्वांत उपयुक्त खर्च आहे. तिची खिडकी आपल्या तरंगलांबीसाठीच असल्याची खात्री करून घ्यावी.

चष्मा आल्यावर

तपासणीसाठी त्याच रंगाचा, खरोखर कमी शक्तीचा पॉइंटर घ्यावा. तो शिकंज्यात घट्ट बसवून झोत भिंगातून पलीकडच्या पांढऱ्या कागदावर पाडावा. डोळे झोताच्या रेषेत नसावेत आणि चेहरा बाजूला असावा. भिंगाचा वक्र पृष्ठभाग थोडा प्रकाश परत फेकतो, म्हणून आजूबाजूला काळा मॅट कागद लावावा. ५ मिलिवॅटचा झोत ओडी ४ च्या भिंगातून गेला तर केवळ अर्धा मायक्रोवॅट उरतो. दिवे लावलेल्या खोलीत तो ठिपका जेमतेम जाणवेल किंवा दिसणारच नाही. कागदावर ठसठशीत ठिपका दिसला तर चष्मा परत करावा. दोन्ही भिंगे, मध्यभाग आणि कडा तपासाव्यात. ४०५ च्या झोतात काही प्लास्टिक स्वतःच उजळते. भिंगावरची ती चमक आणि कागदावरचा ठिपका यांत गल्लत करू नये. या चाचणीतून अवरक्त संरक्षण किंवा भिंगाची सहनशक्ती कळत नाही. चष्मा घालून झोतात पाहणे ही तर चाचणीच नव्हे.

काम करताना खोली उजळलेली ठेवावी, कारण अंधारात बाहुली ७ मिलिमीटरपर्यंत विस्फारते आणि जास्त प्रकाश आत घेते. घड्याळ, अंगठी, बांगड्या काढाव्यात. टेबलावर स्टीलची पट्टी किंवा चकचकीत पक्कड नको. झोत जिथे संपतो तिथे काळ्या रंगाची, न चमकणारी विटेसारखी वस्तू ठेवावी, आणि झोताची उंची बसलेल्या किंवा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला येणार नाही अशी ठेवावी. खोलीत दुसरे कोणी असेल तर त्यालाही चष्मा द्यावा, नाहीतर दार लावून घ्यावे. एन्ग्रेव्हिंग चालू असताना फोनच्या कॅमेऱ्यातून पाहणे सोयीचे असते. कॅमेऱ्याचा सेन्सर जळू शकतो, पण तो बदलता येतो.

भिंगे सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपावीत. थिनर किंवा ॲसिटोन लावू नये. तडा, भाजल्याचा डाग, खोल ओरखडा किंवा फिकट झालेला रंग दिसला तर चष्मा बदलावा.

झोत डोळ्यात गेलाच तर

लेझर बंद करावा आणि डोळा चोळू नये. थोडा वेळ दिसणारा तेजस्वी डाग आपोआप जाऊ शकतो. पण तो टिकून राहिला, सरळ रेषा वाकडी दिसू लागली, मध्यभागी काळपट ठिपका आला किंवा वाचताना अक्षरे गळू लागली, तर त्याच दिवशी दृष्टिपटलाच्या तज्ज्ञाकडे जावे. दुखत नाही म्हणून थांबू नये. शक्तिशाली लेझरचा थेट झोत लागला असेल तर लक्षणे नसली तरी तपासणी करून घ्यावी. डॉक्टरांना लेझरची तरंगलांबी, अंदाजे शक्ती, झोत थेट होता की परतलेला, किती अंतरावरून आला आणि कोणत्या डोळ्यात गेला हे सांगावे. पॉइंटर किंवा त्यावरच्या पट्टीचे छायाचित्र सोबत न्यावे. पॉइंटर नेणार असाल तर बॅटरी काढून न्यावा. ओसीटी नावाच्या तपासणीत दृष्टिपटलाचे थर पाहता येतात आणि पुढच्या भेटीत तुलना करायला पहिला अहवाल लागतो, म्हणून तो जपून ठेवावा.